जमीन पाहणारे उपग्रह आणि जोखमीचा हिशेब



आजच्या विषयाचे नाव ऐकून आपल्यापैकी काहींना असे वाटले असेल की, हा गृहस्थ आता आपल्याला चंद्रावर नेणार, मंगळावर नेणार, आणि वैशाखातली ही खंडाळ्याची गार संध्याकाळ ग्रहगोलांच्या गप्पांत घालवणार. तसे काही होणार नाही. ज्या उपग्रहांविषयी आम्ही बोलणार आहोत त्यांचे तोंड आकाशाकडे नसून जमिनीकडे आहे. पीक किती आले, पूर कुठवर पोचला, डोंगराचा उतार गेल्या महिन्यात होता तिथेच आहे की बोटभर खाली सरकला, हे पाहण्यासाठी ते फिरतात. म्हणजे विषय आपल्याच घरचा आहे, फक्त पाहणारा साडेसातशे किलोमीटर उंचीवर बसला आहे.

तो तिथे सुखरूप पोचावा, पोचल्यावर नीट चालावा, आणि न चालला तर आपले काय होईल याचा विचार आधी कसा करून ठेवावा, एवढाच आजचा प्रश्न. मराठीत यासाठी ‘जोखीम’ हा शब्द आपण वापरतो. या शब्दाची एक गंमत आहे. जोखीम म्हणजे धोका हे खरेच. पण अंगावर दागिने घालून प्रवासास निघालेल्या बाईला जुनी माणसे ‘जोखीम अंगावर आहे, जपून जा’ असे सांगत, तेव्हा जोखीम म्हणजे तो दागिनाच. ज्या वस्तूचे मोल आहे ती आणि तिच्या पायी येणारा धोका, या दोहोंना आपल्या भाषेने एकच नाव दिले आहे. आजचे सारे व्याख्यान खरे म्हणजे या एका शब्दात सामावलेले आहे. तरीपण चालकांनी तासाभराची वेळ दिली आहे, ती आम्ही घेणार.

जोखमीचा हिशेब म्हणजे काय, हे शिकायला खंडाळ्याच्या माणसाने दूर जाण्याचे कारण नाही. आपल्या पायथ्याशी बोरघाट आहे. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेने १८५६ साली या घाटाचे काम हाती घेतले आणि १८६३ साली घाटातून गाडी सुरू झाली. सुमारे पंधरा मैलांत अठराशे फुटांची चढण, पंचवीस बोगदे, आणि काही ठिकाणी सदतीस फुटांमागे एक फूट असा चढ. चढणाऱ्या गाडीला मागून इंजिने लावून रेटता येते. खरी परीक्षा उतरणाऱ्या गाडीची. ब्रेक सुटला तर काय? त्यावर घाटाच्या शिल्पकारांनी केलेली योजना आपल्यापैकी पुष्कळांनी गाडीच्या खिडकीतून पाहिली असेल. मुख्य लोहमार्गाला एक फाटा काढला आहे आणि तो डोंगराच्या अंगावर वर चढत जाऊन तिथेच संपतो. कुठेही न जाणारा हा रूळ कशासाठी? तर बेफाम सुटलेल्या गाडीला चढावर घेऊन तिचा वेग जिरवण्यासाठी. आणि यातली खरी मख्खी अशी की, सांधा मुळात त्या फाट्याकडेच लावलेला असतो. गाडी तिथे येऊन थांबली, म्हणजे ती थांबू शकते हे तिने सिद्ध केले, की मग तिला खालची वाट मोकळी मिळते. ‘काही बिघडले तर सांधा फिरवू’ असे म्हणणारा सांधेवाला ऐन वेळी झोपलेला असू शकतो. म्हणून अनर्थ होणार हे आधी गृहीत धरायचे, आणि तो होत नाही याचा पुरावा गाडीकडून मागायचा. आमच्या मते जोखमीच्या शास्त्राचे निम्मे शहाणपण या एका सांध्यात आहे.

पण याच घाटाने दुसराही धडा दिला. म्हाऊ-की-मल्ली नावाचा दगडी कमानींचा मोठा पूल रेल्वे सुरू झाल्यावर अवघ्या चार वर्षांनी, १८६७ च्या जुलैत, कोसळला. नंतर झालेल्या चौकशीत निकृष्ट बांधकामावर बोट ठेवले गेले. म्हणजे नकाशावर सांधा, फाटा, ब्रेक सगळे विचारपूर्वक योजलेले असताना, चुन्यात आणि दगडात मात्र खोट राहिली. योजना उत्तम असणे आणि योजनेप्रमाणे काम उतरणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. हा फरक लक्षात ठेवा. थोड्या वेळाने अमेरिकेत आपल्याला तो पुन्हा भेटणार आहे.

आता वर जाऊ.

उपग्रहाची जोखीम रेल्वेच्या जोखमीहून एका बाबतीत अगदी वेगळी आहे. म्हाऊ-की-मल्लीचा पूल पुन्हा बांधता आला. कक्षेत गेलेल्या उपग्रहाकडे पाना घेऊन जाता येत नाही. एकदा अग्निबाण उडाला की जे बरोबर दिले तेवढेच. विसरलेला स्क्रू कायमचा विसरलेला. आणि ही वस्तू एक नसून हजारो वस्तूंची साखळी आहे. शाळेतील मुलांनाही जमेल असे गणित करून पाहा. समजा, एखाद्या यंत्रात शंभर भाग आहेत, शंभरही चालले तरच यंत्र चालते, आणि प्रत्येक भाग शंभरात नव्याण्णव वेळा नीट चालतो. नव्याण्णव टक्के म्हटल्यावर आपण मुलाला पेढे वाटतो! पण इथे ते सारे गुणाकार केले की सबंध यंत्र शंभरांत जेमतेम सदतीस वेळा चालते. प्रत्येक भाग हजारात नऊशे नव्याण्णव वेळा चालणारा केला, तर यंत्राचा भरवसा नव्वद टक्क्यांवर येतो. पण भाग शंभराऐवजी हजार झाले की पुन्हा सदतीसावर! उपग्रह बनवणारा माणूस चिकित्सक, चिडखोर आणि कागदपत्रांचा भोक्ता का असतो, याचे उत्तर या गुणाकारात आहे.

यावर पहिला उपाय कोणालाही सुचतो: महत्त्वाचा भाग जोडीने ठेवा, एक बिघडला तर दुसरा. उपाय चांगला आहे, पण जोडीतले दोघे एकाच कारणाने आजारी पडले तर जोडीचा उपयोग शून्य. हे कसे घडते याचे एक उदाहरण सविस्तर सांगण्याजोगे आहे.

७ ऑगस्ट २०२२ रोजी इस्रोचा लहान उपग्रह सोडणारा नवा अग्निबाण, एसएसएलव्ही, श्रीहरिकोट्याहून प्रथमच उडाला. वर ईओएस-०२ हा जमीन न्याहाळणारा उपग्रह होता, आणि बरोबर शाळकरी मुलींनी घडवलेला आझादीसॅट होता. दुसरा टप्पा गळून पडताना जो धक्का बसला, त्याने यानात जी कंपने उठली ती डोळ्याची पापणी लवायच्या आत विरून गेली. पण तेवढ्यात वेगवाढ मोजणाऱ्या सर्वच उपकरणांचे काटे टोकाला जाऊन बसले. यानावरच्या संगणकाला शिकवले होते की, उपकरण वेड्यासारखे आकडे देऊ लागले तर ते नादुरुस्त समजावे आणि त्याचे ऐकू नये. संगणकाने शिकवल्याप्रमाणे केले. एक नव्हे, सगळी उपकरणे नादुरुस्त ठरवली! आणि ती नसताना कसे जावे याची जी तयार ठेवलेली आंधळी वाट होती, त्या वाटेने यान नेले. उपकरणे वास्तविक ठणठणीत होती. कक्षेत पोचण्यास जो वेग लागतो त्याला सेकंदाला सुमारे छप्पन्न मीटर कमी पडले. साडेतीनशे किलोमीटरांच्या वर्तुळाऐवजी ज्याचे एक टोक पृथ्वीपासून अवघ्या शहात्तर किलोमीटरांवर येते अशी लंबवर्तुळाकार वाट मिळाली, आणि तेवढ्या खाली हवेने उपग्रहांना ओढून घेतले.

या घटनेत कोणी आळशी नव्हते, कोणी बेफिकीर नव्हते. किंबहुना जास्त काळजीच नडली. संकटातून सोडवण्यासाठी बसवलेल्या युक्तीनेच संकट आणले. बोरघाटात सांधा फाट्याकडे लावून ठेवणे योग्य, कारण चुकीने फाट्यावर गेलेली गाडी वाचते. इथे चुकीने आडवाटेला गेलेले यान वाचत नव्हते. सुरक्षिततेची प्रत्येक योजना स्वतः चुकली तर काय होते, हे विचारल्यावाचून ती बसवू नये, असे आम्हांला वाटते. इस्रोने कमी धक्का देणारी विलग करण्याची रीत स्वीकारली, उपकरणाला दोषी ठरवण्यापूर्वी थांबण्याचा अवधी वाढवला, आणि १० फेब्रुवारी २०२३ रोजी तोच अग्निबाण ईओएस-०७ घेऊन बिनचूक कक्षेत गेला.

त्याच्या आदल्या वर्षाची गोष्ट याहून खर्चीक. ईओएस-०३ हा उपग्रह छत्तीस हजार किलोमीटरांवरून, म्हणजे पृथ्वीबरोबर फिरत एका जागी टांगल्यासारखा राहून, देशाची छायाचित्रे दिवसातून अनेकदा घेणार होता. मार्च २०२० मध्ये उड्डाणाच्या आदल्या दिवशी तांत्रिक कारणाने ते पुढे ढकलले. मग साथ आली. अखेर १२ ऑगस्ट २०२१ च्या पहाटे जीएसएलव्ही उडाला. पहिले दोन टप्पे उत्तम चालले. सुमारे पाच मिनिटांनी तिसऱ्या, अतिथंड इंधनाच्या टप्प्याची पाळी आली आणि तो पेटलाच नाही. समितीने शोधले तेव्हा कळले की द्रवरूप हायड्रोजनच्या टाकीतील दाब उड्डाणानंतर पुरेसा चढलाच नव्हता. का? तर जादा दाब बाहेर सोडणारी एक झडप गळत होती. का गळत होती? तर तिच्यातले मऊ सील दुखावले होते; एक तर कचऱ्याच्या कणाने, किंवा भयंकर थंडीत बसवणुकीचा ताण येऊन. स्वयंपाकघरात प्रेशर कुकरची रबरी रिंग थोडी फाटली की शिट्टी होत नाही आणि डाळ शिजत नाही, हे इथे बसलेल्या भगिनींना आम्ही सांगायला नको. तीच गोष्ट, फक्त डाळीच्या जागी कित्येक वर्षांचे श्रम.

नंतर ठरवलेला उपाय आम्हांला फार शिकवण्यासारखा वाटतो. झडप भक्कम करावी, हे तर झालेच. पण इंजिन पेटण्यापूर्वी टाकीत मुद्दाम दाब भरण्याची वेगळी सोयही करावी, असे सुचवले गेले. म्हणजे झडप कधीच गळणार नाही असे वचन कोणी दिले नाही. थोडी गळली तरी डाळ शिजावी, अशी तजवीज केली. जोखीम नाहीशी करता येत नाही तेव्हा तिला पोसण्याइतकी सवड ठेवावी लागते. वजनात सवड, इंधनात सवड, पैशात सवड, आणि सर्वांत दुर्मिळ म्हणजे वेळेत सवड. घरात लग्न काढताना वडीलधारी माणसे ‘वरखर्चाला’ म्हणून काही बाजूला काढतात. तो वरखर्च कशावर होणार हे त्यांना ठाऊक नसते. होणार एवढे ठाऊक असते.

आता अमेरिका. हवेतील कार्बन वायू मोजण्यासाठी नासाने बांधलेला ओसीओ हा उपग्रह २४ फेब्रुवारी २००९ रोजी टॉरस एक्सएल या अग्निबाणावरून निघाला. उपग्रहावरचे टोपण सुटलेच नाही. टोपणाच्या ओझ्यासह वेग पुरला नाही आणि सारे समुद्रात गेले. चौकशी झाली, सुधारणा झाली, आणि ४ मार्च २०११ रोजी ग्लोरी नावाचा दुसरा उपग्रह त्याच जातीच्या अग्निबाणावरून निघाला. पुन्हा टोपण सुटले नाही! दोन्ही मिळून सत्तर कोटी डॉलरांहून अधिक रक्कम बुडाली. खरे कारण २०१९ साली जाहीर झाले. टोपण सोडवणाऱ्या सांध्यातील अ‍ॅल्युमिनियमचे भाग पुरवणाऱ्या कारखान्यात धातूच्या चाचण्यांचे आकडे कित्येक वर्षे खोटे लिहिले जात होते. धातू ठरल्याप्रमाणे तुटायला हवा होता, तसा तो तुटला नाही. नासाच्या कागदांवर सगळ्या चाचण्या उत्तीर्ण होत्या. म्हाऊ-की-मल्लीची आठवण झाली ना? दर्शनी दगड आणि आतला भराव. जोखमीच्या तक्त्यात ‘पुरवठादार खोटे बोलतो’ असा रकाना सहसा कोणी घालत नाही; तो असभ्य वाटतो. आमच्या मते तो घालावा.

तक्ता हा शब्द आला, म्हणून दोन वाक्ये. या कामात पाच आडव्या आणि पाच उभ्या घरांचा एक तक्ता सर्वत्र वापरतात. एका बाजूस ‘घडण्याची शक्यता’, दुसऱ्या बाजूस ‘घडल्यास होणारी हानी’. शक्यता जास्त आणि हानीही जास्त, ते घर तांबडे. सोंगट्यांचा पट म्हणा हवे तर. या पटाचा उपयोग आहे, पण तो पाहून आलेली शांती खोटी असू शकते. कारण पटावर तेवढीच सोंगटी बसते, जी कोणाला तरी सुचली.

यापुढची हकीगत अशी की जिथे सुचले, वेळीच सुचले, आणि मग काय करायचे हा पेच पडला. ती निसारची.

३० जुलै २०१४ च्या सकाळी आंबेगाव तालुक्यातील माळीण गावावर डोंगर आला. गाव नाहीसे झाले हे प्रथम एस. टी. च्या चालकाच्या ध्यानात आले. नेहमीच्या जागी गावच दिसेना. दीडशेच्या आसपास माणसे गेली. त्यानंतर बरोबर दोन महिन्यांनी, ३० सप्टेंबर २०१४ रोजी, नासा आणि इस्रो यांनी मिळून एक उपग्रह बांधण्याचा करार केला. या दोन गोष्टींचा परस्परांशी संबंध नाही, तो निव्वळ योगायोग. पण हा उपग्रह ज्यासाठी होता त्यात डोंगरउतारांची हालचाल टिपणे हे एक काम होते. साधा कॅमेरा आपल्या सह्याद्रीवर जून ते सप्टेंबर आंधळा असतो, त्याला ढगांच्या वरच्या बाजूखेरीज काही दिसत नाही. आणि दरडी कोसळतात त्या याच महिन्यांत. रडारच्या लहरी ढगांतून आणि रात्रीच्या काळोखातूनही जातात. निसारवर दोन रडारे आहेत. अमेरिकेने दिलेल्या एल पट्ट्यातील रडारची लहर सुमारे चोवीस सेंटिमीटर लांबीची, ती झाडोऱ्यातून बरीच आत शिरते. इस्रोच्या एस पट्ट्यातील लहर सुमारे नऊ-दहा सेंटिमीटरांची. दर बारा दिवसांनी उपग्रह त्याच वाटेवर येतो, आणि दोन खेपांच्या नोंदी एकमेकींवर ठेवल्या की जमीन सेंटिमीटराच्या हिशेबात सरकली असली तरी कळू शकते.

या साऱ्याचा जीव एका बारा मीटर व्यासाच्या जाळीत आहे. सोन्याचा मुलामा दिलेल्या तारांची ही जाळी, अवघी चौसष्ट किलो वजनाची, छत्रीसारखी मिटून नऊ मीटरांच्या बाहूच्या टोकाला बांधलेली. वर गेल्यावर बाहू उलगडायचा, मग छत्री उघडायची. उघडली नाही तर दोन्ही रडारे व्यर्थ. रडारे दोन, पण छत्री एक! जोडीने ठेवता येत नाही असा हा भाग. मग त्याच्या चाचण्यांवर जीव ओतणे एवढेच हाती उरते.

२०२४ च्या वसंतात उपग्रह बंगळुरात तयार होत आला होता. तेव्हा असे ध्यानात आले की, वर गेल्यावर मिटलेल्या अवस्थेत ही छत्री पूर्वी धरल्यापेक्षा अधिक तापू शकते. आता विचार करा. करार होऊन दहा वर्षे होत आली. दोन्ही देशांचा मिळून खर्च दीड अब्ज डॉलरांच्या घरात. सर्वांची नजर लागलेली. ‘तापू शकते’ म्हणजे तापेलच असे नाही. तापली तरी बिघडेलच असे नाही. पुढे ढकलावे तर महिन्यांचा खर्च आणि लोकांची बोलणी. तांबड्या घरातली सोंगटी पिवळ्यात सरकवण्याचा मोह अशाच वेळी होतो. हात नुसता एक घर हलवायचा असतो.

त्यांनी छत्री सोडवली आणि ती बनली होती तिथे, कॅलिफोर्नियाला, परत पाठवली. उष्णता परतवणारे विशेष आवरण चढवून ती ऑक्टोबर २०२४ मध्ये बंगळुरास परतली. तरीही लगेच उडता येईना. हा उपग्रह पहाट आणि सांज यांच्या सीमेवरून फिरतो, म्हणून वर्षातला बराच काळ त्याला अखंड ऊन मिळते. परंतु ऑक्टोबरपासून फेब्रुवारीच्या सुरुवातीपर्यंत प्रत्येक फेरीत तो काही वेळ पृथ्वीच्या सावलीत जातो. तापणे-निवणे, तापणे-निवणे अशा त्या काळात बाहू आणि छत्री उलगडणे इष्ट नव्हते. तोही काळ जाऊ दिला. अखेर जीएसएलव्हीने ३० जुलै २०२५ रोजी, माळीणच्या दिवसाला अकरा वर्षे पुरी होत होती त्याच दिवशी, संध्याकाळी निसारला कक्षेत नेले. हा अग्निबाण अशा ध्रुवीय कक्षेत प्रथमच जात होता. चार वर्षांपूर्वी झडप गळून पडलेला तोच हा जीएसएलव्ही, हेही आठवावे. ९ ऑगस्टपासून बाहू सांध्यासांध्याने उलगडला, आणि १५ ऑगस्टला छत्री उघडली.

वर्षभराचा उशीर झाला म्हणून तेव्हा पुष्कळ टीका झाली. आम्हांला ती पटत नाही. २०१५ साली नासाच्याच स्मॅप या, मातीतील ओल मोजणाऱ्या, उपग्रहाचे रडार उड्डाणानंतर सहा महिन्यांच्या आत बंद पडले होते आणि पुन्हा चालू झाले नाही. दुसरे उपकरण चालू राहिले म्हणून मोहीम तगली. दुधाने पोळलेल्या माणसाने ताक फुंकून प्यावे, यात हसण्यासारखे काही नाही.

तथापि उशिराची बाजू घेताना उशिराची किंमतही नीट मोजली पाहिजे, आणि इथे आमची एक तक्रार आहे. जोखमीच्या तक्त्यात ‘हानी’ या रकान्यात यानाची किंमत लिहितात, अग्निबाणाची लिहितात, क्वचित प्रतिष्ठेचीही लिहितात. पण उपग्रह नसल्यामुळे जे दिसले नाही, त्याची किंमत कुठे लिहायची? रिसॅट-१ हा आपला रडार उपग्रह २०१२ साली गेला आणि मार्च २०१७ मध्ये त्याचे काम संपले. त्याच जातीचा पुढला, ईओएस-०४, फेब्रुवारी २०२२ मध्ये गेला. मधली पाच पावसाळे त्या जातीचा आपला स्वतःचा डोळा नव्हता. पुढे १८ मे २०२५ रोजी पीएसएलव्हीच्या तिसऱ्या टप्प्यातील दाब घसरला आणि ईओएस-०९ हा आणखी एक रडार उपग्रह पावसाळ्याच्या तोंडावर गमावला. युरोपातही तेच. सेंटिनेल-१ची जोडी फिरत होती. २३ डिसेंबर २०२१ ला जोडीतल्या एकाचा वीजपुरवठा बिघडला आणि तो पुन्हा कामाला आला नाही. त्याची जागा घेणारा उपग्रह डिसेंबर २०२४ मध्ये वर गेला. तीन वर्षे! घरातील एकुलता बैल मेला तर नुकसान बैलाच्या किमतीएवढे नसते, न झालेल्या पेरणीएवढे असते, हे शेतकऱ्याला कळते; अंदाजपत्रकाला कळत नाही. दुसरा बैल गोठ्यात असणे, म्हणजे एक उपग्रह फिरत असतानाच दुसरा जमिनीवर तयार असणे, ही चैन मानली जाते. आमच्या मते या मोहिमांतील सगळ्यांत स्वस्त विमा तोच आहे.

आणि आता शेवटची जोखीम. ती यंत्राची नाही, आमच्यासारख्या बोलणाऱ्यांची आहे. उपग्रह वर आहे, तेव्हा आता दरड कोसळण्यापूर्वी भोंगा वाजेल, असे कोणी सांगू लागला तर त्याच्यावर विश्वास ठेवू नका. बारा दिवसांनी येणारा पाहुणा आज रात्रीचे सांगू शकत नाही. जो उतार महिनोन्महिने हळूहळू सरकतो, तो त्याला ओळखता येतो. जो उतार वर्षानुवर्षे स्वस्थ असतो आणि दोन दिवसांच्या मुसळधारेत एकदम सुटतो, त्याचे काय? सह्याद्रीचे कडे इतके उभे आहेत की काही उतार रडारच्या सावलीत पडतात, काही एकमेकांवर दुमडून दिसतात. आपले पुण्याचे डॉ. वसंत गोवारीकर अग्निबाणांच्या घन इंधनाचे काम करून नंतर पावसाच्या भाकिताकडे वळले. त्यांच्या पुढाकाराने १९८८ मध्ये सोळा घटकांवरचे मान्सूनचे गणित वापरात आले, ते बरीच वर्षे चालले आणि २००२ च्या अवर्षणात चुकले. म्हणून ते गणित वाईट होते असे नव्हे. भाकिताबरोबर त्याच्या मर्यादेचा आकडाही लोकांना सांगायला हवा, एवढेच.

१९ जुलै २०२३ च्या रात्री, इथून घाट उतरला की लागणाऱ्या खालापूर तालुक्यात, इर्शाळवाडीवर दरड आली. सत्तावीस मृतदेह हाती आले. सत्तावन्न माणसे मातीखालीच राहिली. दरडप्रवण गावांच्या सरकारी यादीत ती वाडी नव्हती. पटावर तेवढीच सोंगटी बसते जी कोणाला सुचली, असे मघाशी म्हटले, ते हेच. अशी यादी एकदा करून कपाटात ठेवण्याची नसते. उपग्रहाच्या नोंदी येतील तशी ती दर उन्हाळ्यात पुन्हा लिहिता येईल, आणि निसारचा खरा उपयोग झाला तर तो इथे होईल. पण नोंदी वाचून ‘या उताराकडे जाऊन पाहा’ असे तालुक्याला कळवणारा माणूस कोण, त्याची नेमणूक कुठे, आणि कळवल्यावर त्या उताराखालची वीस-पंचवीस घरे कुठे हलवायची, हे निसारच्या करारात लिहिलेले नाही. ते आपल्याकडे लिहायचे आहे.

रेल्वेने आपल्यापुरते ते लिहून ठेवले आहे. दर वर्षी पावसाळ्यापूर्वी रेल्वेची डोंगर-टोळी घाटाच्या कड्यांवर चढते, पहारींनी ठोकून ठोकून पाहते, आणि जो दगड सैल वाटेल तो स्वतःच खाली पाडते. द्रुतगती मार्गावर आडोशी बोगद्यापाशी २०१५ च्या जुलैत दरड येऊन माणसे दगावल्यावर तिथल्या कड्यांना जाळ्या लावल्या. वाड्यांच्या माथ्यावरच्या उतारांना ना टोळी आहे, ना जाळी. मे महिना चालू आहे. जूनला काही आठवडेच उरले आहेत. निसार दर बारा दिवसांनी आपल्या माथ्यावरून जातोच आहे. मावळ आणि खालापूर या दोन तालुक्यांपुरता तरी त्याच्या नोंदींचा नकाशा मागवून तो त्या डोंगर-टोळीतल्या एखाद्या अनुभवी मुकादमापुढे पसरावा, आणि रेल्वेच्या हद्दीबाहेरचे कुठले कडे त्याला खटकतात ते त्यालाच विचारावे, अशी सूचना करून आम्ही आपली रजा घेतो.